विमलाबाईंची खोटी साक्ष

विमलाबाई हिवाळेंनी आमच्या चर्चच्या रविवारच्या शाळेत एकतीस वर्षं मुलांना शिकवलं. माझे यजमान विनीत पाळक म्हणून रत्नागिरीत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्हाला चारपाच जणांनी सांगितलं, "पाळक बदलतात, विमलाबाई बदलत नाहीत." बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. नवरा सहा वर्षांपूर्वी वारला, मुलगा पुण्याला. आमच्या मंडळीत जेमतेम चाळीस घरं, आणि त्यांतल्या निम्म्या आईबापांकडूनही दहा आज्ञा बाईंनीच पाठ करून घेतलेल्या.

गेल्या जानेवारीत जे झालं त्यातलं काही माझ्या डोळ्यांदेखत झालं. उरलेलं बाईंनी स्वतः मला सांगितलं. सांगताना त्यांनी स्वतःला कुठे सूट दिली नाही, म्हणून मीही देत नाही.

त्या रविवारी धडा होता अब्राहामाचा. भर उन्हात तीन अनोळखी माणसं त्याच्या तंबूपाशी येतात, तो धावत सामोरा जातो, पाय धुवायला पाणी देतो, सारा भाकरी भाजते, आणि मग उमगतं की दारात साक्षात परमेश्वरच आला होता. बाई मोठ्या मुलांना चर्चच्या पडवीत शिकवायच्या, मी लहानग्यांना आतल्या खोलीत. मध्ये नुसता पडदा. धडा संपवून बाईंनी विचारलं, "पाहुणचाराची अशी आणखी एखादी गोष्ट कोण सांगेल?"

"मी सांगते," राही म्हणाली.

राही तेरा वर्षांची. तिची आई दर्शना मिरजोळ्याला मासळीच्या कारखान्यात कोळंबी सोलायला जाते, वडील आखातात. मुलगी वाचणारी. हाती लागेल ते वाचायची आणि वाचलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

"दोन देव असतात, बाई. झ्यूस आणि हर्मेस. ते वाटसरूंचा वेश घेऊन एका मुलखात येतात. हजार दारं ठोठावतात, कुणी उघडत नाही. शेवटी एका झोपडीतले म्हातारा-म्हातारी त्यांना आत घेतात. त्यांच्या मेजाचा एक पाय आखूड असतो, तर म्हातारी त्याच्याखाली खापरीचा तुकडा सरकवते. घरात एकच बदक असतं. ते पाहुण्यांसाठी कापायचं म्हणून दोघं त्याच्यामागे पळतात, आणि ते काही त्यांना सापडत नाही!"

मुलं हसली. माझ्याकडची लहानगीही पडद्याकडे कान देऊन बसली होती.

"आणि बाई, म्हाताऱ्याचं नाव फिलेमोन! आपल्या पवित्र शास्त्रातपण फिलेमोन आहे ना? ही गोष्ट अगदी अब्राहामासारखीच—"

"बस कर," बाई म्हणाल्या. "कुठून आणलीस ही गोष्ट?"

राहीनं दप्तरातून पुस्तक काढलं. ग्रीक आणि रोमन लोकांच्या दैवतकथांचं जाडजूड मराठी पुस्तक, शाळेच्या ग्रंथालयातलं.

"परमेश्वराच्या घरात मूर्तींच्या गोष्टी? जे देव दुसऱ्याच्या बायका पळवतात, जन्मदात्या बापाला कोंडून घालतात, त्यांना तू अब्राहामाच्या पंगतीला बसवतेस?"

"पण बाई, गोष्ट तर चांगली आहे."

"चांदीच्या वाटीत घातलं म्हणून विषाचं दूध होत नाही. आण ते इकडे. हे मी तुझ्या आईच्या हातात देईन. आणि आज तू बाहेर बस."

वर्ग सुटेपर्यंत राही पायरीवर उन्हात बसून राहिली. जाता जाता एका मुलानं तिला "झ्यूसची भक्तीण" म्हणून चिडवलं. मला वाटलं, बाई जरा जास्तच बोलल्या. पण मी काही म्हटलं नाही.

दर्शनाला त्या रविवारी कारखान्यात पाळी होती, ती उपासनेला आलीच नव्हती. म्हणून पुस्तक बाईंबरोबर त्यांच्या घरी गेलं. पहिला विचार त्यांनी जाळून टाकण्याचा केला. पण आत शाळेचा शिक्का होता. दुसऱ्याची वस्तू कशी जाळायची? म्हणून त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवलं.

सोमवारी दुपारी त्यांनी ते खाली काढलं. शत्रूची ओळख असावी, एवढ्याचसाठी, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

बाईंचे वडील जालन्याकडे खेड्यापाड्यांतून फिरणारे प्रचारक होते. "कथा म्हणजे सैतानाची गोधडी," ते म्हणायचे, "ऊब देते आणि झोपवते." त्यांच्या घरात शास्त्र आणि गीतांची वही सोडून तिसरं पुस्तक नव्हतं. बाईंनी पुढे शाळेत शिकवलं, पण गोष्टी म्हणून वाचल्या त्या पाठ्यपुस्तकातल्याच. सहासष्टाव्या वर्षी, दार लावून घेतलेल्या घरात, त्या पहिल्यांदा गोष्टीसाठी गोष्ट वाचत होत्या.

आधी त्यांनी म्हाताऱ्या-म्हातारीची गोष्ट शेवटपर्यंत वाचली. मग पुढची. झ्यूसची प्रकरणं वाचून त्यांना शिसारी आली, त्यांनी पुस्तक मिटून साबणानं हात धुतले. हे देव नव्हेत, आपल्यासारखीच माणसं आहेत, फक्त यांना कुणी जाब विचारत नाही, असं त्यांच्या मनात आलं. तरी मंगळवारी त्या पुन्हा वाचायला बसल्या. एकानं माणसांची दया येऊन स्वर्गातून विस्तव चोरून आणला, आणि त्यासाठी त्याला कड्यावर साखळदंडांनी जखडून ठेवलं, हे वाचताना त्यांच्या डोळ्यांसमोर क्रूस आला. आपण कुणाची तुलना कुणाशी करतोय, म्हणून त्या घाबरून उठल्या. तो नुसता जखडला गेला होता, आपल्या प्रभूनं स्वतःहून प्राण दिला, असं त्यांनी स्वतःला मोठ्यानं बजावलं. पण माणसांसाठी सोसणारा कुणीतरी असावा, असं त्या लोकांनाही वाटत होतं तर, हा विचार काही हटेना.

गुरुवारी त्यांनी ऑर्फियसची गोष्ट वाचली. तो मेलेल्या बायकोला आणायला पाताळात जातो, मागे वळून बघायचं नाही या अटीवर तिला घेऊन निघतो, आणि अगदी दाराशी आल्यावर वळून बघतो. ती जाते ती जातेच. बाई पुस्तक मांडीवर ठेवून रडल्या. नवऱ्याच्या दफनविधीला त्या रडल्या नव्हत्या. पुनरुत्थानावर विश्वास आहे, मग रडायचं कशाला, असं त्यांनी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. आणि आता एका खोट्या पाताळाच्या गोष्टीपायी सहा वर्षांचं रडू बाहेर आलं.

तेवढ्यात मागच्या दारानं शेजारच्या काशीताई कढीपत्ता मागायला आल्या. बाईंनी पुस्तक उशीखाली सारलं.

"काय गो लपवलंस, विमलाताई?"

"काही नाही. औषधांचे कागद."

काशीताई कढीपत्ता घेऊन गेल्या. संध्याकाळी प्रार्थनेला गुडघे टेकले तर बाईंना शब्द सुचेनात. तरीही पुस्तक परत गेलं नाही. रोज वाटायचं, एवढी एक गोष्ट वाचून होऊ दे. पुढच्या रविवारी दर्शना उपासनेला आली होती. बाई तिला टाळून दुसऱ्या दारानं निघून गेल्या.

तिसऱ्या रविवारी दर्शनानं त्यांना चर्चच्या फाटकापाशी गाठलं. मी शेजारीच उभी होते, आणखी दोघीजणी होत्या. राही आईच्या मागे होती.

"बाई, ते पुस्तक तुमच्याकडे आहे ना? राही म्हणते, बाईंनी घेतलंय. शाळेतून दोनदा विचारून झालं."

बाईंनी मला नंतर सांगितलं, की तोंड उघडेपर्यंत त्या खरं तेच सांगणार होत्या. पण "आहे" म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, इतके दिवस का ठेवलंत? आम्ही तिघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"मी तर तिला त्याच दिवशी परत दिलं," बाई म्हणाल्या.

दर्शना गर्रकन वळली. "खोटं बोलतेस? बाईंवर आळ घेतेस?" आणि तिनं राहीच्या थोबाडीत मारली.

राही रडली नाही. गालाला हातही लावला नाही. ती बाईंकडे बघत राहिली. बाई वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागल्या, आणि आम्ही तिघींनी "जाऊ दे दर्शना, मुलं विसरतात" असं काहीबाही म्हटलं. विमलाबाईंना विचारावं, हे आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही.

शाळेत राहीकडून माफीपत्र लिहून घेतलं: पुस्तक माझ्या हातून हरवलं आणि मी खोटं बोलले. तिला वर्षभर ग्रंथालय बंद. पुढच्या रविवारपासून ती चर्चला येईनाशी झाली. दर्शना एकटीच यायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि आशीर्वादाआधीच उठायची.

आणि बाई वर्गात शिकवत होत्या. राहीची जागा रिकामी बघून त्यांनी मला एकदा विचारलं, "ती आजारी आहे का?" हे विचारताना आपलाच आवाज कानाला कसा लागला, तेही त्यांनी मला पुढे सांगितलं.

फेब्रुवारीत महिला मंडळाची बैठक आमच्या घरी होती. पाळीपाळीनं एकेकीनं शास्त्राचा भाग उलगडून सांगायचा, असा आमचा रिवाज. त्या गुरुवारी बाईंची पाळी होती. पौल आणि बर्णबा हे दोघे प्रेषित लुस्त्र गावात जातात, तिथला जन्माचा पांगळा उठून चालू लागतो, आणि लोक ओरडतात, देव माणसांच्या रूपानं खाली आले आहेत! बर्णबाला ते झ्यूस म्हणतात, पौलाला हर्मेस, आणि देवळाचा पुजारी बैल आणि हार घेऊन येतो. हा भाग आम्ही सगळ्यांनी अनेकदा वाचलेला.

"त्या लोकांना इतकी घाई का झाली?" बाईंनी विचारलं. "मी हा भाग तीस वर्षं शिकवला, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही. त्याच बाजूच्या मुलखातली एक जुनी कथा आहे. हेच दोन देव एकदा वाटसरू होऊन आले होते. हजार दारं बंद राहिली, एकच उघडलं. बाकीचं सगळं पाण्याखाली गेलं. लुस्त्राच्या लोकांनी ही कथा ऐकलेली असेल, तर त्यांना काय वाटलं असेल? तेच दोघं परत आले! मागच्या खेपेला आपल्या वाडवडिलांनी दार लावलं, या खेपेला चुकायचं नाही. ते बैल घेऊन धावले ते भक्तीनं कमी आणि भीतीनं जास्त. आणि पौल दुःखानं आपलेच कपडे फाडून त्यांना सांगतो, बाबांनो, आम्ही तुमच्यासारखीच माणसं आहोत. ज्यानं पाऊस दिला, पिकं दिली, तो तुमच्यावर रागावलेला नाही."

खोलीत एकदम सगळ्या बोलायला लागल्या. "काय सुरेख उलगडलंत, बाई!" "आम्हाला हे कधी कुणी सांगितलंच नाही!" विनीत आतून बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, हे रविवारी उपासनेत सांगा. माझ्या उपदेशाच्या जागी."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, थकल्या असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पुन्हा आमच्याकडे आल्या. पिशवीतून पुस्तक काढून त्यांनी मेजावर ठेवलं आणि बसायच्या आतच बोलायला लागल्या. पुस्तक काढून घेतल्यापासून ते फाटकापर्यंत सगळं. विनीत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, वाचणं हा काही गुन्हा नव्हता. पौलानंही अथेनैच्या ग्रीक लोकांशी बोलताना त्यांच्याच कवींचे शब्द घेतले."

"ते मला ठाऊक आहे, पाळकसाहेब. म्हणून तर जास्त लागतं. जे पाप नव्हतं, त्यासाठी मी पोरीला वर्गाबाहेर काढलं. आणि जे पाप होतं, ते मी फाटकापाशी उभं राहून केलं. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा मीच तिला पाठ करायला लावली होती. काल तुम्ही सगळे माझं कौतुक करत होतात. ते तिचं होतं. मी तिच्या तोंडून हिसकावलं, आणि माझ्या तोंडानं सांगितलं."

"आता काय करायचं म्हणता?"

"ते तिला विचारते," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "नम्रता, तू चल माझ्याबरोबर. एकटीनं गेले तर वाटेतून परत फिरेन."

शनिवारी दुपारी आम्ही दर्शनाच्या खोलीवर गेलो. ती नुकतीच पहिली पाळी करून आली होती. बोटं पाण्यानं पांढरी पडलेली. राही खिडकीशी गृहपाठ करत होती. बाईंनी खुर्ची घेतली नाही. उभ्या उभ्याच त्यांनी पुस्तक पुढे केलं.

"दर्शना, राही खरं बोलत होती. पुस्तक माझ्याकडेच होतं. मी वाचत होते. त्याची लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले."

दर्शना म्हणाली, "तुम्ही मला लहानपणी शिकवलंत, बाई. तुमच्या शब्दावर मी माझ्या पोरीला सगळ्यांदेखत मारली. तुम्ही आता खरं सांगितलंत, बरं झालं. तुम्हाला मी माफही करीन, प्रभू सांगतो म्हणून. पण मारलं ते माझ्या हातानं ना? ते मी कुणाकडून माफ करून घेऊ?"

बाईंनी पुढे केलेलं पुस्तक तसंच त्यांच्या हातात राहिलं.

राही उठून आली. पुस्तकाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"आईनं मारलं तेव्हा तुम्ही तिथंच होता," ती म्हणाली. "तेव्हा का नाही बोललात?"

"घाबरले."

"कुणाला?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिला. त्या दोघींना. सगळे मला काय म्हणतील, त्याला."

राहीला हे उत्तर पटलं की नाही, कळलं नाही. पण ते खरं आहे, एवढं तिला समजलं असावं.

"मी काय करू, राही?" बाईंनी विचारलं.

"शाळेत सांगा. आणि चर्चमध्येपण. मला बाहेर सगळ्यांसमोर बसवलं होतंत."

बाई हो म्हणाल्या.

रविवारी दर्शना राहीला घेऊन आली. गीत झाल्यावर बाई पुढे गेल्या. विनीतनी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, ती त्यांनी बाजूला सारली. त्यांनी पुस्तकाचं, फाटकापाशी बोललेल्या खोट्याचं, थपडेचं, सगळं एकेक करून सांगितलं. लुस्त्राची गोष्टही सांगितली, आणि ती आपल्याला कुणामुळे कळली तेही.

"त्या कथांमधले देव देव नाहीत, हे मी आजही म्हणते," त्या म्हणाल्या. "पण ज्या माणसांनी त्या रचल्या, त्यांना आपल्या दारावर कुणीतरी टकटक करावी असं वाटत होतं. आपल्याकडे जो आला, त्याची ते वाट बघत होते. एका तेरा वर्षांच्या मुलीला हे एका वाचनात दिसलं. ते ती मला सांगत होती, आणि मी तिला उठवून बाहेर बसवलं. रविवारची शाळा मी आजपासून सोडते."

कुणी "आमेन" म्हटलं नाही. मागच्या एका बाकावर कुजबुज झाली. मी मान वर करून राहीकडे बघितलं. ती मांडीवरच्या गीतांच्या वहीत बघत होती, कान लाल झाले होते.

सोमवारी बाई शाळेत गेल्या. मुख्याध्यापिकांसमोर त्यांनी लेखी दिलं, तेव्हा राहीचं माफीपत्र फाईलमधून काढून टाकलं आणि ग्रंथालय पुन्हा सुरू झालं. मंडळीत मात्र सगळ्यांनाच हे रुचलं नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी म्हाताऱ्या बाईनं स्वतःची शोभा करून घेतली, असं काहीजण म्हणाले. काहींनी उलट बोल लावला, की ज्या बाईनं मूर्तींची पुस्तकं लपून वाचली, तिनं आमची मुलं शिकवलीच कशी? बाई दोन्ही ऐकून घ्यायच्या. मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे आला. राही पुन्हा यायला लागली. पहिल्यासारखी मध्येच बोलायची मात्र नाही. हात वर करायची, आणि मी नाव घेईपर्यंत गप्प बसायची. ते मला टोचायचं, कारण त्या दिवशी पडद्यामागे मीही होते.

मे महिन्यात दर्शनानं एक दिवस आपणहून बाईंना विचारलं, "राहीचं गणित कच्चं आहे. सुट्टीत घ्याल का?" तेव्हापासून राही आठवड्यातून तीन दिवस दुपारी बाईंच्या घरी जाते. मी एकदा आंबे द्यायला गेले होते. ती पडवीत सतरंजीवर, बाई खुर्चीत. दोघी अपूर्णांकांत गुंतलेल्या. ती पाणी प्यायला आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "कसं चाललंय, बाई?"

"हुशार आहे," बाई म्हणाल्या. "मी उत्तर सांगितलं की ते वहीत लिहीत नाही. आधी माझ्या तोंडाकडे बघते. मग बाजूच्या कागदावर स्वतः सोडवून बघते, बरोबर आलं तरच लिहिते."

आतून राही आली. बाईंनी पुढचं गणित वाचून दाखवलं.